मालकाच्या खाटेपाशी मिरची

१० जून
तेल चोळलं, काढे पाजले, डोक्याशी बसून राह्यली, तरी ह्यायच्या तोंडातून शब्द नाही. संक्रांतीले पडले तवापासून गप. आदिलाबादची डॉक्टरीण म्हणे, डोक्यातली नस फुटली, वाचा येणं कठीण. काल शिकून आलेली पोरगी, तिले काय ठाव! हे रुसले. माह्या भावाच्या लग्नात थंड वरण वाढलं तवाबी महिनाभर बोलले नव्हते.
ठरवलं. खाटेपाशी मिरची लावीन. जन्मभर मिरचीच्या वावरात माह्यावर वरडले, रोप खोल गाडलं, पाणी जादा दिलं. मिरची पाहून गप बसणारा हा माणूस नाही.

१६ जून
वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याले कसायले दिलं. म्हणून सूनबाई पूनमनं फोनमधे पाहून खोलीतच जमवलं. पेंटच्या जुन्या बकेटी, झाकणाले भोक, भोकात नारळाची शेंडी, त्यात रोप. मातीच नाही. मुळं औषधाच्या पाण्यात. माशाच्या पेटीची बारकी मोटर बुडबुडे काढते. उजेडाले ट्यूबलाईट.
पूनम म्हणे, आत्याबाई, पाण्यात दुसरं काही टाकू नका. मी काय कुक्कुलं बाळ हाय?
हे पाहून राह्यले. बोलले नाहीत.

२ जुलै
रोपं झकास. हे गप. बरोबरच हाय. चांगल्या कामाले हे कधी बोलले? उद्या मुद्दाम चुकीन.

३ जुलै
ह्यायच्या डोळ्यासमोर बकेटीत शेणखत टाकलं. भुवई हलली! पूनम म्हणे, माशी बसली होती.

९ जुलै
पाणी नासलं. मोटर बंद. मुळं काळी. पूनम रडकुंडीले आली, म्हणे, सांगितलं होतं ना! हो, सांगितलं होतं. पण हिनं वरडून काय फायदा? एक बकेट वाचली.

१९ ऑगस्ट
फुलं गळून राह्यली. खोलीत वारं नाही, पूनम म्हणे फळ धरायले झाड रोज हलवा. नाही हलवत. ह्यायनं सांगावं.
शेजारची जयवंताबाई म्हणे, भगवंतरावले लखवा झाला बाई, तू काऊन झाडावर राग काढून राह्यली? तिले चहा दिला नाही.

२० ऑगस्ट
हलवलं. पाहवलं नाही.

२३ सप्टेंबर
मिरची आली. एकच. मिठासंग कुटली, भाकरीच्या काल्यात ह्यायले चारली. मुद्दाम सगळी. पयले तिखट जादा झालं का घर डोक्यावर घेत.
डोळ्यातून पाणी आलं. तोंड उघडलं. नुसता वारा निघाला. पुन्हा उघडलं. पुन्हा वाराच. मंग माह्याकडं पाहत राह्यले, जसं काई चूक त्यायचीच.
तोंड पुसलं. पाणी पाजलं.
हे रुसले नाहीत.

२४ सप्टेंबर
पोरगा पंकज म्हणे, रविवारी बकेट काढतो, ओलीनं बाबाले खोकला होईन. मी म्हणलं, बाबाले विचार. त्यानं खाली पाह्यलं.
मंग मीच विचारते. ऐका हो. झाड ठेवू का उपटू? मान हलवा, नाहीतर बोट हलवा. शिवी दिली तरी चालते. पण शनिवारच्या आत सांगा.