लोणच्याचा हात

मंगळवार, संध्याकाळ. मिनेसोटा.

हायवेवरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं अर्धी दलदल मेली. उरलेल्या चांगल्या तुकड्यातलंच शेवाळ मेलेल्या भागात लावायचंय. आज त्या चांगल्या तुकड्यातल्या पाण्यातही मीटरनं मीठ दाखवलं. आता शेवाळ आणू कुठून?

मग बोटांना वास आला. पार्सिपनी गावच्या मावशीनं पाठवलेलं लोणचं! जेवले हातानं, आणि त्याच हातानं सॅम्पलची बाटली भरली. मूर्ख! हात धुऊन परत सॅम्पल घेतलं. पाणी गोडं निघालं.

एकटीच मोठ्यानं हसले. मैलभर कोणी नव्हतं.

घरी आल्यावर मावशीला फोन करून सगळं सांगितलं. तीही खूप हसली. मग म्हणाली, "जेवायला कोण होतं गं बरोबर?"

म्हटलं, "लोणचं मस्त झालंय."

बोटांना अजून वास येतोय.