कॉम्प्रेसर माझ्याकडे

१ ऑगस्ट
त्या सकाळीही नेहमीचीच कामं. हापशावरून दोन घागरी, भाकरी, मग यांचा डबा घेऊन कारखान्यात. हे हवेच्या नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावत बसलेले. बुडबुडा आला की, "बघ, हवा पळून राहिली." यांना ताप आला, त्यातच गेले; त्याच्या आधीची ती सकाळ. मला तीच आठवते.
वर्ष झालं. आता कॉम्प्रेसर माझ्याकडे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीसाठी टँकर बांधतोय, गावांना पाणी न्यायला. शेठ म्हणाले, "पहिल्या टँकरचे रिव्हेट ढिले निघाले तर नांदेडहून माणूस आणीन, बाई." म्हटलं, आणा. आधी टँकर बघा.

४ ऑगस्ट
रिव्हेट ढिले. हातोडी मारली की ठस्स. काट्यावर प्रेशर पुरं दिसतं, पण हवेवर चालणाऱ्या रिव्हेटच्या तिन्ही बंदुका चालल्या की काटा धाडकन खाली.
गफूरभाई मिस्त्री: "भाभी, सेफ्टी व्हॉल्व्ह आवळा की जरा. प्रेशर चढंल."
"हवेची टाकी फुटंल, भाई. तुमची दाढी उदगीरला सापडंल."
शेठ हसले नाहीत.
घरी पेपर पुरा वाचला. पोरांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले, आता ओळ सोडत नाही. हवामान : ढगाळ. पाऊस कुठं ते लिहीत नाहीत.

६ ऑगस्ट
सापडलं. हवेची टाकी वाजवत खाली आले. वर खणखणीत, खाली भरल्या रांजणासारखी. दमट हवा दाबली की पाणी सुटतं, ते रोज खालच्या कॉकमधून काढायचं. इथं अर्धी टाकी पाणीच. हवेला जागा कुठं?
सकाळी कारखाना उघडतात गफूरभाई, कॉकचं काम त्यांचं. विचारलं. मान खाली.
"भिंतीपलीकडं हापशाला बायांची रांग, भाभी. पाणी सांडलेलं बघून बोंबलल्या. शरम वाटली. बंदच ठेवला."
त्यांच्या घरचीही त्याच रांगेत असते.
मी कॉक उघडला. तांबडं, तेलकट पाणी. "पाणी फेकती का गं?" पलीकडून आलंच. एकीला आत बोलावलं, वास घ्यायला लावला.
"शी! हे तर माझ्या सासूला बी पाजणार न्हाई!"
रांग हसली.

७ ऑगस्ट
ढिले रिव्हेट तोडून नवे मारले. एका वेळी दोनच बंदुका, माझा हुकूम. "हाव, मेमसाब," गफूरभाई. काटा जागचा हलला नाही. हे असते तर काही बोलले नसते, नुसती विडी पेटवली असती. मला तेवढं पुरलं असतं.
टँकरखालच्या पट्टीचे रिव्हेट मात्र जुनेच. टँकर गाडीवर चढवल्यावर तिथं हातोडी पोचते, बंदूक शिरत नाही. शेठ म्हणाले, चालतंय, उद्या गाडी जाऊ द्या. रिकाम्या टँकरला ते बरे वाजतात. भरून खड्ड्यांतून गेल्यावर...

८ ऑगस्ट
टँकर भरला. खालची पट्टी वाटेत वाजवून बघायला मी हातोडी घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले आणि निघाले.