हिरव्या मिठानं केलेली शोभा

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्धाच). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला? आमचं बरं आहे, म्हणजे अब्रू सोडून सगळं.

तू माझ्यासाठी सुचवलेलं स्थळ, ती दातांची डॉक्टरीण, काल आमची प्रयोगशाळा बघायला आली. पाहुणे काचेपलीकडे उभे राहतात आणि आम्ही आतून माइकवर बोलतो. माइक हातात आला की माझं काय होतं ते तू जाणतेसच. मी सुटलोच: हे युरेनियम टेट्राफ्लोराइड, लाडाचं नाव हिरवं मीठ, युरेनियमच्या एका अणूला फ्लोरिनचे चार चिकटलेले. तुम्ही पोरांच्या दातांना फ्लोराइड लावता, आम्ही युरेनियमला, म्हणजे धंदा एकच! (यावर मी एकटाच हसलो. माइक चालू होता.) हे मीठ तापलं की ओलाव्यानं बिथरतं, म्हणून नळीत घालून कोरड्या आर्गॉन वायूत तापवायचं. वायू कोरडा करायला वाटेत सिलिका जेलची बरणी. खडे निळे म्हणजे कोरडे, गुलाबी झाले की बदलायचे. शेंबडं पोरही बदलेल.

तेवढ्यात तिनं विचारलं, "मग हे गुलाबी कसे?"

मी म्हटलं, "प्रश्न शेवटी."

आत्या, शेवट लवकरच आला! ओलाव्यानं मिठातलं फ्लोरिन उचललं आणि हायड्रोजन फ्लोराइड होऊन ते चालतं झालं. हा वायू काच खातो. नळीच्या टोकाची काच बघता बघता दुधाळ झाली, भोंगा केकाटला, साहेबांनी येऊन भट्टी बंद केली. (वायू शोषक टाकीत गेला, कुणाला इजा नाही. माझं नाक तेवढं कापलं गेलं.) नळी गार झाल्यावर उघडली, तर हिरव्या मिठाच्या जागी काळपट तपकिरी ऑक्साइड. महिन्याची मेहनत मातीत! बाहेर पडताना दारातल्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रानं मला स्वच्छ ठरवलं, तेवढंच काय ते कौतुक.

तेव्हा तू त्यांना नकार कळवून टाक. मुलगी फारच चौकस आहे, आमचं काही जमायचं नाही.

तुझा भाचा

ता. क. बाबांना काचेचं बोलू नकोस.

आणखी एक ता. क. नकार कळवला नसशील तर कळवू नकोस गं! जाताना ती हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, माझ्या पहिल्या पेशंटचा मी भलताच दात बधिर केला होता." तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. आवडली मला. फार आवडली. आजच जाऊन शब्द टाक. आणि नकार तिकडूनच आला असेल, तर हा ता. क. तू वाचलाच नाहीस.