न वाचता अंगठा नाही

मु. पो. हट्टा, ता. वसमत

मेहुणे विजयकुमारराव यांस, तुमच्या दाजींचे भरघोस आशीर्वाद. (नमस्कार तुम्ही करायचा असतो, तो पोहोचला असे धरतो.) तुमचे पित्त, तुमच्या सौभाग्यवतींची पाठ आणि सोसायटीची लिफ्ट, तिन्ही सुरळीत असतील अशी आशा आहे. इकडे हळद शिजवणे चालू आहे आणि तुमच्या बहिणीसकट आम्ही सगळे कोपरापर्यंत पिवळे झालो आहोत.

आता मूळ गोष्ट. ही आग तुम्हीच लावलीत. हिंगोलीच्या लग्नात, भर पंगतीत, तुम्ही नवा फोन काढलात (वर्षातला दुसरा) आणि म्हणालात, "दाजी, तुमच्या फोनचं नवं मॉडेल जाहीर झालं. आता जुन्याला कंपनी विचारत न्हाई." माझ्या पानातली जिलेबी तशीच राहिली. अहो, त्याच फोनवर आमची लेक प्रतिक्षा रोज सकाळी बंगळुरूहून आमची नात दाखवते. आरोही वर्षाची झाली, बोलायच्या अगदी बेतात आहे, आणि पहिली हाक मलाच मारणार याची मला खात्री आहे. फोनच मेला तर ती हाक ऐकायची कोणी आणि कशावर?

घरी आलो आणि आठ दिवसांत तुमचे बोल खरे ठरले. नात दिसेना. पडद्यावर नुसते "आधी अपडेट करा" असे येऊ लागले. मी पारावर बसून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आमचा गडी कोंडीबा म्हणाला, सोयाबीनचं नवं वाण आलं की जुनं बियाणं दुकानातून असंच गायब होतंय. (कोंडीबाकडे साधा बटणाचा फोन आहे, तरी तो माझ्यापेक्षा जास्त चिडला होता.) शेवटी एसटी धरली आणि हिंगोलीत, जिथून फोन घेतला त्या दुकानात जाऊन थडकलो.

काउंटरवर संगिता नावाची पोरगी होती. मी दहा मिनिटे भांडलो, तिने शांतपणे ऐकले, फोन चाळला आणि विचारले, "काका, हे काहून दाबलं न्हाई?" विजयराव, कंपनीने आठ महिन्यांत अकरा वेळा अपडेट पाठवले होते. दर वेळी फोन करार दाखवायचा आणि खाली अंगठा मागायचा. आता आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. न वाचता अंगठा द्यायचा नाही, मग पुढे तलाठी असो की सोयरा, हे वडिलांनी मरेपर्यंत बजावले. म्हणून मी अकराही वेळा "नंतर" दाबले होते. संगिता म्हणाली, "नवं मॉडेल आलं म्हणून जुन्याला सोडत न्हाईत, काका. तुमच्या फोनला अजून तीन वर्षं अपडेट येणार, कंपनीनं लिहून दिलंय. ती बिचारी येऊन राहिली, तुमीच दार लावून बसले."

मी ओशाळलो, पण रीत म्हणजे रीत. म्हटले, वाचून दाखव. तिने वाचायला घेतले. पाऊण तास! गिऱ्हाइके भोवती जमली, एका निवृत्त मास्तरांनी स्टूल ओढले, कोणीतरी चहा सांगितला. "कंपनी जबाबदार राहणार नाही" हे वाक्य आले की सगळे एकमुखाने "हं" म्हणत. कराराचा शेवट झाल्यावर मी अंगठा दिला. फोन काळा पडला, माझाही चेहरा तसाच. मग तो उजळला, प्रतिक्षाला लावला आणि काउंटरवर आरोही हसली! सारे दुकान तिला हात हलवत होते. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. तिथल्या तिथे पेढे वाटले.

तेव्हा मेहुणे, दर सहा महिन्यांनी फोन बदलणे ही तुमची हौस, कंपनीची सक्ती नव्हे. मला आता तीन वर्षे कोणाचे काही नको.

तुमचे दाजी,
व्यंकटराव

ता. क. : मंगळवारी फोन हळद शिजवायच्या ड्रममध्ये पडला. मी पाहिले नाही, तुमच्या बहिणीने, मंजुळाबाईंनी, डोळ्यांनी पाहिले. (करारात वाफेचे काही नव्हते, मी लक्ष देऊन ऐकले होते.) तुमच्या कपाटात जुना फोन पडलेलाच असेल, तो पाठवा. मात्र मी मागितला असे होऊ देऊ नका, बहिणीला ओवाळणी म्हणून द्या. भाऊबीजेला आठ महिने आहेत हे मला कळते. शेजाऱ्याच्या फोनवरून हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून पत्र.

विजू, पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मागच्या बाजूला लिहून राहिले. फोन ड्रमात पडला न्हाई. मीच ज्वारीच्या कोठीत ठेवलाय अन् बराबर चालून राहिला. हे सकाळी तो नाकाला लावून बसतेत, मला नातीचं नुसतं कपाळ दिसतंय. तुझा जुना पाठव, पण अपडेट येणारा पाहून पाठव. आला की ह्यांचा मी सापडवून देते. घाई न्हाई, महिनाभर गेला तरी चालंल. प्रतिक्षाला सांगून ठेवलंय. काल हे रानात असताना आरोही मला पाहून "आजी" म्हणली. दोनदा. ह्यांना कळवू नको.
— मंजुळा