तांब्यातलं पाणी

माय, तुझ्याशी एका लाजेच्या गोष्टीवर बोलायचंय. तू असतीस तर "गप बस, कुणी ऐकंल" म्हणाली असतीस. पण तू जाऊन वीस वर्षं झाली, आता कोण ऐकतंय?

मी आठवीत होते. तेरखेड्यात फटाक्याच्या शेडमध्ये तू कागदाच्या नळ्या वळायचीस आणि सुट्टीत मी दुपारी तुझी भाकर घेऊन यायचे. त्या दिवशी मी दारात उभी आहे, तुला खोकल्याची उबळ आलीय, थांबता थांबत नाही. मग तू शेजारचा भरलेला तांब्या उचलतेस आणि तो सगळाच्या सगळा तुझ्या मांडीवर सांडतो. लुगडं भिजलं, सकाळपासून वळलेल्या नळ्यांचा लगदा झाला. मुकादम ओरडला, "मावशी, दारूकामात पाणी सांडता व्हय? उद्यापासून येऊ नका." वाटेत मी तुला काय काय बोलले! "साधा तांब्या धरता येत न्हाय का तुला?" तू खाली बघत चालत होतीस. "निसटला गं," एवढंच म्हणालीस. पुढं तू लग्नाकार्याला जीपमधून यायचं बंद केलंस, घराबाहेर पडायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचीस, आणि आम्ही म्हणायचो, माय लई तिरसट झाली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हतीस गं तू.

मला कळायला माझ्यावर वेळ यावी लागली. शिंकताना-खोकताना थेंब-दोन थेंब कधीपासूनच जायचे, मी ते अंगावर काढत होते. मागच्या हिवाळ्यात आम्हा अंगणवाडीच्या बायकांच्या बैठकीत कुणीतरी नकला केल्या, आम्ही सगळ्या पोट धरून हसलो, आणि माझी साडी ओली झाली. माझा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडं गेला. झाकण काढून मी ती मांडीवर पाडली आणि "अगं बाई, सांडली की!" म्हणाले. माय, तिथंच मला तुझा तांब्या कळला. घरी येऊन न्हाणीत बसून रडले. तुला बोललेलं एकेक वाक्य कानात वाजत होतं.

मग धाराशिवला गेले, सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं अंगावर का काढलंत?" बाळंतपणांनी आणि ओझी उचलून खालचे स्नायू ढिले पडतात, त्यात लाजायचं काय, म्हणे. लघवी अडवताना जे आवळतो तेच आवळायचं, पाच मोजायचे, सैल सोडायचं, रोज न चुकता. पाणी तोडायचं नाही, चहा कमी करायचा, ठरल्या वेळेला लघवीला जाऊन यायचं. एवढ्यानं भागलं नाही तर कुणाला गोळ्या देतात, अंग बाहेर येत असेल तर आत रिंग बसवतात, ऑपरेशनचं नंतर बघायचं. मी तर भाकरी थापता थापता आवळते, कुणाच्या बापाला कळत नाही! तीन-चार महिन्यांत फरक पडला. आता शिंक आली तरी काळजात धस्स होत नाही. एवढ्याशा गोष्टीपायी तुझं काम गेलं, चारचौघींतलं हसणं गेलं. जीव तुटतो माझा.

आता तुझी नात पहिल्या बाळंतपणाला आलीय, बाळ दोन महिन्यांचं होत आलं. परवा ती शिंकली. मग उठून परकर बदलला, "बाळानं केली" म्हणाली. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं, दुपटं कोरडं खडखडीत. मी सगळं पाहिलं आणि "बरं" म्हणून भाजी निवडत बसले. गावभर बायकांना हे आवळायचं सांगत फिरणारी मी, पोटच्या पोरीपुढं जीभ उचलत नाही. हे पत्र कुठं धाडायचं नाही, ते मलाही ठाऊक आहे. खरं सांगू? ती आतल्या खोलीत एकटी बाळाला पाजत बसलीय, आणि मी इथं तुला लिहीत बसलेय, तिच्याकडं जायचं टाळायला.