चार जणांची समिती

माय, शहाद्याच्या ज्या जिनिंगमध्ये तू कापूस निवडायचीस, तिच्या शेजारच्या जिनिंगच्या ऑफिसात मी आता काम करते. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. पुढे लोणखेड्याच्या कॉलेजातून मी ग्रॅज्युएट झाले, आपल्या घरातली पहिली. ते कळलं असतं तर तू गल्लीभर सांगत फिरली असतीस. पण आज लिहायला बसले आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

एकदा मी तुझा डबा घेऊन आले होते. टोपलं डोक्यावर देतो म्हणून मुकादमानं तुझ्या अंगाला हात लावला. तू मागे सरकलीस, आणि मग तुला मी दिसले. पदराला चिकटलेला कापूस काढत तू म्हणालीस, "कोणले सांगू नको. सकाय बी कामले येनं शे." उद्याचं काम बुडू नये म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. पण या हंगामात कापसाच्या गाठी घेणाऱ्या कंपनीनं बायकांच्या छळाविरुद्धचं धोरण लेखी मागितलं आणि शेठनी ते काम माझ्याकडे दिलं, तेव्हा पहिली ओळ लिहिताना मला तोच दिवस दिसत होता.

मी जीव लावून लिहिलं, माय. सोप्या मराठीत, बायकांना वाचून दाखवता येईल असं. समितीत शेठना त्यांचा पुतण्या हवा होता. मी अडून बसले आणि वजनकाट्यावरच्या आबांना घेतलं. आबा प्रकाशा गावाकडचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून वाकडा शब्द कुणी ऐकलेला नाही. हिशेबाच्या ताई अध्यक्ष, कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक मॅडम बाहेरच्या सदस्य, आबा आणि मी. शेठनी परस्पर कुणाकडून प्रकरण मिटवू नये म्हणून मी एक नियमही घातला : चौघंही हजर असल्याशिवाय चौकशी होणार नाही.

महिन्याभरात एक बाई आली, मशीनवर कापूस टाकणारी. आताचा मुकादम तिला सुट्टीनंतर झाडलोटीच्या नावाखाली थांबवून घेतो. पुढचं तिनं पाण्याच्या टाकीमागे, माझा हात धरून सांगितलं. मी अर्ज लिहिला, तिनं अंगठा दिला. चौकशीच्या दिवशी ती दारातून आत आली, आबांना पाहिलं आणि पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. मॅडम विचारत होत्या, "बोला ना, घाबरू नका." आबा खाली बघत मला म्हणाले, "तिले सांग बेटा, बिनधास्त बोल म्हना." तिच्याशी थेट ते बोललेच नाहीत.

तेव्हा मला तू दिसलीस. मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ, ओट्यावर यायचे आणि तू चुलीपुढे पदर ओढून मला हळूच म्हणायचीस, "त्यास्ले सांग, चहा व्हई गया." जेठासमोर तोंड उघडायचं नाही या रितीनं दोन हातांवर बसलेल्या मोठ्या बाबांशी तू जन्मभर एक शब्द बोलली नाहीस. घरातली सगळी बोलणी मीच इकडून तिकडे नेली. या बाईचं सासर आबांच्याच गावचं, म्हणजे आबा तिचे गावनात्यानं जेठ, हे मला तिथंच बसल्या बसल्या कळलं. आबांना पाच मिनिटं बाहेर बसवलं असतं तर ती बोलली असती. पण चौघं हजर हवेत, हा नियम माझाच होता. तो चुकलाय असं मॅडमसमोर म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मॅडमनी घड्याळ बघितलं. ताईंनी वहीत लिहिलं, "अर्जदारास काही सांगायचे नाही. तक्रार निकाली." चौघांनी सह्या केल्या. माझी सही तिसरी.

बाहेर मुकादम बिडी ओढत उभा होता. "कागद भारी लिखेल शे, ताई," म्हणाला. त्याच्याजवळचे दोघं हसले.

ती मला फाटकाशी गाठून म्हणाली, "ताई, त्या मन्हा जेठ लागतस. त्यासनापुढे हाई कशी बोलू? तुमले माहीत नव्हतं का?" तिच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशीपासून ती कामावर आली नाही. तिच्या मशीनवर आता दुसरी बाई आहे, तिच्याहून लहान. मुकादम तिलाही सुट्टीनंतर थांबवतो.

कंपनीनं धोरण पसंत केलं. शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. नियम बदलायचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि फाडला. हे पत्र मात्र फाडणार नाही. द्यायचं कुणालाच नाही, म्हणून ते लिहायला सोपं गेलं असेल.

फाटकाशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नाही गं, मला खरंच माहीत नव्हतं." आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला.