खाडीपलीकडच्या तारेची व्यवस्था

मी, एउसेबियो लुमांतास, वय सत्तावन्न, राहणार बोहोल बेट, धंदा रेडिओ-टेलिफोन दुरुस्ती (विद्या स्वतः कमावलेली, गुरू कोणी नाही), फुप्फुस गेलं असलं तरी डोकं शाबूत असताना, कुणी भरीस न घालता, पुढील व्यवस्था स्वहस्ते लिहितो.

१. घर आणि डुकरं माझी एकुलती मुलगी रोसेंदा हिची.

२. अवजारंही तिचीच. शेजारी कुलास याला सोल्डरिंगची कांडी देऊ नये. मागे टोक जाळून परत केली, वर म्हणतो, "मोबाईलच्या काळात तार ओढतोस? उद्या कबुतरं पाळशील!"

३. तार. खाडीपलीकडे माझी थोरली बहीण, मानांग (म्हणजे ताई) इन्सियांग, एकटी राहते. तिला ऐकू येत नाही, वाचता येत नाही. तिच्यासाठी तार. पूर्वी तारेत वीज म्हणजे "धावून ये", वीज नसली म्हणजे "सगळं ठीक". वादळात तार तुटली. वीज नाही, म्हणून मी निश्चिंत जेवलो. पलीकडे मेहुणा छपराखाली अडकलेला आणि मानांग कळ दाबत होती. मेहुणा गेला.

मग मी पद्धत बदलली. आता तारेतून अखंड खुणा जातात, आणि प्रत्येक खुणेच्या मधोमध विजेची पातळी पलटते: खालून वर म्हणजे "हो", वरून खाली म्हणजे "नाही". पलटलीच नाही तर तार तुटली. दोन्ही घरांत मी बनवलेले डबे हे ओळखून वेगवेगळे दिवे लावतात: "हो"चा, "नाही"चा, तुटल्याचा. दिवसभर डबा आपला "नाही, नाही" म्हणत राहतो. सकाळी कळ एकदा दाबली की "हो". म्हणजे मी आहे. पलीकडून मानांगही तशीच दाबते.

४. रोसेंदा म्हणते, "पापा, तुझ्यामागे कळ मी दाबत जाईन. आत्याचे गुडघे गेलेत, ती कुठे येतेय बघायला? जगू दे की तिला सुखाने."

"आणि मी मेलेला असताना रोज सकाळी हो?"

"तिच्यासाठीच ना!"

नाही. या तारेने तिला एकदा फसवलंय.

सबब, मी गेल्यावर माझ्या नावाची कळ कुणी दाबू नये. रोसेंदाने पहिल्या होडीने पलीकडे जावं, मानांगजवळ बसावं, हात धरावा, आणि मगच तिला "नाही"च्या दिव्याकडे बघू द्यावं. डबा बंद करू नये. तार शाबूत आहे एवढं तिला दिसलं पाहिजे.

५. मानांगची सकाळची खूण त्यानंतरही येत राहील. ती बघायला कुणीतरी हवं. रोसेंदाने बघावी आणि उत्तर द्यावं. मी एकदा दाबत असे. रोसेंदाने दोनदा दाबावी.

सही: एउसेबियो लुमांतास
साक्षीदार: निकोलास "कुलास" बासालो, तेओदोरा इनगुइतो, फेर्मिन दागोहोय
बोहोल, ९ नोव्हेंबर २०१७